पिल्सनर पारखायची तर ग्लास संपेपर्यंत थांबा

पिल्सनरचा पहिला घोट जवळपास नेहमीच छान लागतो. बाहेर उकाडा असतो, घसा कोरडा असतो, समोर गार सोनेरी ग्लास असतो. अशा वेळी तुमच्याऐवजी तहानच मत देते. म्हणून पहिल्या घोटावरच्या पसंतीला मी फारशी किंमत देत नाही. बिअर खरी कशी आहे ते अर्ध्या ग्लासानंतर कळतं. तोवर ती 6 अंशांवरून 11-12 अंश सेल्सिअसवर आलेली असते, फेस बसलेला असतो, तहान भागलेली असते आणि गारव्याने झाकून ठेवलेलं सगळं वर आलेलं असतं. तेव्हाही पुढचा घोट घ्यावासा वाटला, तर ती पिल्सनर चांगली. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या अर्ध्या ग्लासापर्यंत स्वच्छ जिभेने पोहोचण्यासाठी आहेत.

इतकी कडक परीक्षा पिल्सनरचीच का घ्यायची? फिकट बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), पाणी आणि थंडीत काम करणारं यीस्ट, एवढंच तिच्यात असतं. भाजलेलं काळं माल्ट, संत्र्याची साल, धने किंवा आंब्याचा गर असं काहीच नसतं, त्यामुळे ब्रूअरची छोटी चूकही झाकली जात नाही. शिवाय ती वेळ मागते. गव्हाची बिअर किंवा एल (जास्त उबेत आंबणारी बिअर) दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येऊ शकते. पिल्सनर साधारण 8 ते 12 अंशांवर आंबते आणि मग शून्याच्या आसपास काही आठवडे मुरत पडते. छोट्या ब्रुअरीकडे मोजक्याच टाक्या असतात, आणि तेवढे दिवस एक टाकी अडकवून ठेवणं महाग पडतं. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर शहरात ब्रुअरी वाढत गेल्या, तरी बोर्डावर गव्हाची बिअर हमखास दिसते आणि पिल्सनर त्यामानाने कमी. त्यामागे हेही एक कारण आहे. कुणी मनापासून पिल्सनर बनवत असेल, तर ती मनापासून चाखणं आपलं काम आहे.

आधी ठरवा: चेक की जर्मन

पिल्सनर हे एका घराण्याचं नाव आहे. त्यातल्या दोन मुख्य शाखा एकाच मापाने मोजल्या, तर एकीवर अन्याय होतो.

मूळ बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन शहराचं, ज्याला जर्मनमध्ये पिल्सेन म्हणतात. तिथली बिअर इतकी बिघडत होती, की 1838 मध्ये 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. मग नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रूअर बोलावला. त्याने 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा घातला. इंग्लंडमध्ये रुळलेल्या पद्धतीने, धुराचा स्पर्श न होऊ देता वाळवलेलं फिकट माल्ट, झातेत्स भागातले साझ हॉप्स, तळाशी आंबणारं बव्हेरियन यीस्ट आणि प्लझेनचं कमालीचं मृदू पाणी त्यात एकत्र आलं. हे पाणी लक्षात ठेवा. त्यात क्षार फारच कमी असल्यामुळे भरपूर हॉप्स घालूनही कडवटपणाला धार येत नाही. मूळ ब्रुअरीची पिल्सनर उर्केल आजही 4.4 टक्के अल्कोहोलची आहे.

चेक पिल्सनर गडद सोनेरी आणि भरीव असते. माल्ट आणि यीस्ट वेगळे, पण पद्धतही वेगळी. परंपरेने भिजवलेल्या माल्टचा काही भाग बाजूला काढून उकळतात आणि परत मूळ घाण्यात मिसळतात. उर्केलमध्ये हे तीनदा करतात. त्यातून पावाच्या भाजलेल्या कडेसारखी चव येते. सगळी साखर आंबत नाही, थोडा गोलवा मागे राहतो. कडवटपणा चांगला ठसठशीत असतो, पण त्याच्याखाली गादी असते. लोण्याचा अगदी पुसट वास इथे दोष धरत नाहीत.

जर्मन पिल्स अधिक फिकट, अधिक कोरडी, अधिक सडसडीत. माल्ट मागे आणि हॉप्स पुढे. उत्तरेकडच्या येवरसारख्या बिअरमध्ये कडवटपणा बराच वर जातो. इथे लोण्याचा वास आला की तो सरळ दोष.

तिसरी एक शाखा इटलीत निघाली. 1996 पासून बिर्रिफिचो इटालियानो या ब्रुअरीच्या टिपोपिल्समध्ये आंबवणं झाल्यानंतरही हॉप्स टाकले जातात, त्यामुळे तिचा वास जास्त फुलतो. आपल्याकडच्या ब्रुअरीही आता या वाटेने जाताना दिसतात. म्हणून ब्रूअरला किंवा वाढणाऱ्याला आधीच विचारा, “ही कोणत्या धर्तीची आहे?” उत्तर मिळालं नाही, तर रंगावरून आणि कोरडेपणावरून तुम्हीच ठरवा आणि वहीत तसं लिहा.

बाटली निवडताना तारीख आणि ऊन

ब्रुअरीतच टाकीतून थेट नळाला येणारी बिअर चाखत असाल, तर हा भाग सोडून द्या. दुकानातून कॅन किंवा बाटली आणत असाल, तर अर्धी लढाई इथेच असते.

बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब चालतो: 32 अंशांवरचे 3 दिवस, 22 अंशांवरचे 30 दिवस आणि 3 अंशांवरचे 300 दिवस बिअरला सारखंच म्हातारं करतात. आता एप्रिलमधलं नागपूर किंवा सोलापूर डोळ्यांसमोर आणा. तिथल्या दुकानात शेल्फवर उभ्या केलेल्या बाटलीचं काय होत असेल? म्हणून भरल्याची तारीख पाहा, दोन-तीन महिन्यांच्या आतली घ्या, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलीच घ्या. फ्रिज नुसता लावलेला आहे की खरंच चालू आहे, हेही हात लावून पाहा.

दुसरा शत्रू उजेड. हॉप्समधले कडू घटक उजेडात तुटतात आणि गंधकयुक्त, उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बरंच अडवते, हिरवी फार थोडं, पारदर्शक काच काहीच नाही. कॅनला हा धोका नाही. गोव्यातल्या शॅकवर ग्लास उन्हात ठेवून गप्पा मारल्या, तरी काही मिनिटांत हा वास यायला लागतो, आणि त्यात ब्रूअरचा काहीही दोष नसतो.

ग्लास, तापमान, ओतणं

ग्लास पारदर्शक, पातळ काचेचा, 300 मिलीच्या आसपासचा घ्या. त्यावर चिकटपणा किंवा साबणाचा अंश राहिला, तर फेस मरतो आणि तुम्ही बिअरला नावं ठेवत बसता. तपासणं सोपं आहे. ग्लास पाण्यात बुडवून उलटा धरा. पाण्याचा सलग पडदा ओघळला, तर ग्लास स्वच्छ. थेंब-थेंब तुटले, तर परत घासा. ओतल्यानंतरही एक खूण दिसते: ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर तिथे मळ आहे. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास नको. बर्फाचा थर बिअर पातळ करतो आणि वास दाबून टाकतो.

बिअर 6-7 अंशांवर ओता. घरच्या फ्रिजमधून काढल्यावर पाच-सात मिनिटं बाहेर ठेवली की साधारण तिथे येते. पुण्याच्या उन्हाळ्यात याहून कमी वेळ पुरतो.

ग्लास गार पाण्याने विसळून घ्या आणि ओला असतानाच तिरपा धरून निम्म्यापर्यंत ओता. मग तो सरळ करून मधोमध ओता, म्हणजे तीन बोटं फेस येईल. आपल्याकडे फेस म्हणजे फसवणूक अशी समजूत आहे, आणि मापात बिअर कमी मिळाली तर तक्रार रास्तच आहे. पण पिल्सनरला फेस लागतो. जादा गॅस त्यातून निघून जातो, हॉप्सचा वास तो धरून ठेवतो, आणि खालच्या बिअरला हवेपासून वाचवतो.

तोंड आणि नाक

चाखण्याच्या तासभर आधी मिसळ, लसणाची चटणी, पान-सुपारी, कडक कॉफी, पुदिन्याचं च्युइंगम यातलं काही नको. अत्तर लावू नका. खोलीत उदबत्ती नको, शेजारी मोगऱ्याचा गजराही नको. जीभ साफ करायला साधा पाव आणि साधं पाणी पुरतं. मसाला शेंगदाणे आणि चकली नंतर. मिठामुळे कडवटपणा कमी जाणवतो, त्यामुळे खारं खाल्ल्यावर दिलेलं मत भरवशाचं नसतं.

एका बैठकीत तीनच्या वर नमुने घेऊ नका. कडवटपणा जिभेवर साचत जातो, चौथी बिअर पहिल्या तिघींचा भार वाहते. कमी कडू आधी, जास्त कडू नंतर. आणि परतताना गाडी दुसऱ्याने चालवायची, हे आधीच ठरलेलं असू द्या.

नाक आधी, डोळे नंतर

बहुतेक जण आधी रंग पाहतात. मी आधी वास घेतो, कारण सर्वांत हलके वास पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात. फेस बसायच्या आधीच नाक ग्लासाजवळ नेऊन दोन-तीन छोटे श्वास घ्या. एक लांब श्वास घेतला की नाक लगेच थकतं.

काय शोधायचं? माल्टकडून नुकत्या आलेल्या पावाचा, हलक्या भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा, किंचित मधाचा वास. साझ हॉप्सकडून वाळलेलं गवत, रानफुलं, मिऱ्याची पुसट झाक. काही जर्मन हॉप्समध्ये लिंबाच्या पानाकडे झुकणारा ताजेपणा असतो. आंबा, पेरू, संत्रं असे मोठ्या आवाजातले वास आले, तर हॉप्स नव्या जातीचे आहेत. तो दोष नाही, पण पारंपरिक म्हणून विकलेल्या पिल्सनरमध्ये ते खटकायला हवेत. ताज्या जर्मन पिल्समध्ये विझलेल्या काडीसारखा गंधकाचा धागा येतो, तो दोन मिनिटांत गेला तर काळजी नको.

आता डोळे. ग्लासामागे छापील कागद धरा. गाळलेल्या पिल्सनरमधून अक्षरं स्वच्छ वाचता यायला हवीत. धूसर दिसली तर घाई करू नका. न गाळलेली केलरपिल्स मुद्दामच थोडी धूसर असते. दुसरी शक्यता थंडीतल्या धुक्याची: प्रथिनं आणि माल्ट-हॉप्समधले तुरट घटक गारव्यात एकत्र येतात. बिअर 12 अंशांपर्यंत आल्यावर ती निवळली, तर ते धुकं होतं आणि चवीवर त्याचा परिणाम नाही. गाळलेली म्हणून विकलेली बिअर तेव्हाही गढूळच राहिली, तर वहीत नोंद करा.

फेस पांढरा आणि बारीक असावा. तीन मिनिटांनी किमान बोटभर उरलेला असावा. पुढे प्रत्येक घोटानंतर काचेवर त्याची एक कडी राहिली पाहिजे.

घोट

पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला. दुसरा मोजायचा: तोंड भरून घ्या, जिभेवरून सगळीकडे फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हा श्वास सोडणं विसरू नका. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग या मागच्या वाटेने नाकात पोहोचलेला वास असतो. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरचे परीक्षक सहसा गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतरच पूर्ण उमटतो.

आता सगळं लक्ष त्या कडवटपणाच्या प्रवासावर ठेवा, मनात आकडे मोजत. तो कधी आला? किती वर चढला? कसा गेला? चांगल्या पिल्सनरमध्ये आधी माल्ट येतं, मग कडवटपणा ठामपणे वर चढतो, थोडा टिकतो, आणि जाताना तोंड स्वच्छ करून जातो. जर्मन पिल्समध्ये तो जास्त वेळ रेंगाळतो, तेही चालतं. रेंगाळणं आणि ओरबाडणं यातला फरक मात्र ओळखायला शिका. जास्त उकळलेल्या चहासारखा जिभेच्या कडा आवळणारा कोरडेपणा हा हॉप्सचा गुण नाही. माल्टची टरफलं जास्त धुतली गेली, किंवा पाण्याचं गणित चुकलं, की ते तुरट घटक उतरतात. माझ्या मते आपल्याकडच्या पिल्सनर सर्वांत जास्त इथे पडतात. प्लझेनला जे पाणी निसर्गाने दिलं, ते आपल्या ब्रूअरला यंत्रातून गाळून, मोजून क्षार घालून तयार करावं लागतं. म्हणून मऊ कडवटपणाची स्थानिक पिल्सनर हाती आली, की त्या माणसाच्या पाण्यावरच्या मेहनतीला मी मनात वेगळे गुण देतो.

अंगही तपासा: गॅस जिभेला टोचतो की उचलून धरतो? बिअर पाणचट आहे की गुळमट? गिळल्यावर ओठांवर गोडी चिकटत असेल, तर आंबवणं अर्धवट राहिलं असावं.

थांबा आणि परत या

ग्लास अर्ध्यावर आला की हातातून ठेवून द्या. दहा मिनिटं बोलत बसा, पाणी प्या. मग ग्लासावर तळवा धरून हलकेच फिरवा आणि नव्याने वास घ्या. दोष असतील तर ते आता बोलतील.

उकडलेलं मक्याचं कणीस किंवा शिजवलेला कोबी आला, तर ते डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचं एक संयुग). फिकट माल्टमध्ये त्याचा कच्चा घटक असतोच. घाणा दणदणीत उकळून, वाफ बाहेर सोडून तो घालवावा लागतो, आणि मग झटपट गार करावं लागतं. पुसट असेल तर चालतं, आधी कणीसच आठवलं तर नाही.

बटर पॉपकॉर्न आणि तोंडात निसरडेपणा म्हणजे डायअसिटाइल. यीस्ट ते बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत खातं. म्हणून शेवटी तापमान थोडं वाढवून यीस्टला दोन-तीन दिवस काम करू देतात. टाकी रिकामी करायची घाई झाली, की लोणी ग्लासात येतं. काही लोकांना हा वास जवळजवळ येतच नाही, त्यामुळे शेजारच्याला येतोय आणि तुम्हाला नाही, तर वाद घालू नका.

हिरवं, कच्चं सफरचंद म्हणजे असिटाल्डिहाइड. बिअर पुरती मुरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

ओला पुठ्ठा, जुन्या वह्यांचं कपाट हा वास हवा लागल्याचा किंवा उष्णतेत म्हातारी झाल्याचा. बाटलीबंद बिअरमध्ये आपल्याकडे हाच सर्वांत जास्त भेटतो, आणि दोष वाहतुकीचा असू शकतो.

लवंग गव्हाच्या बव्हेरियन बिअरमध्ये शोभते. पिल्सनरमध्ये ती आली, तर परकं यीस्ट शिरलं आहे. आंबटपणा आला, तर जिवाणू.

हे वास आधी कधी वेगळे ओळखले नसतील, तर घरी सराव करा. साध्या, बाजारात मिळणाऱ्या फिकट बिअरचे दोन ग्लास भरा. एकात डब्यातल्या मक्याचं चमचाभर पाणी घाला, दुसरा तसाच ठेवा. एक बाटली ऊन खात ठेवा आणि अंधारातल्या बाटलीशी ताडून पाहा. एकदा नाकाला ओळख पटली की ती विसरत नाही.

गुण आणि खात्री

जगभर वापरला जाणारा बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता 50 गुणांचा आहे: वास 12, रूप 3, चव 20, अंग 5 आणि एकूण परिणाम 10. रूपाला फक्त 3 आहेत, हे लक्षात घ्या. सुंदर दिसणारी बिअर त्यामुळे फार पुढे जात नाही. मी आधी वास आणि रूपाचे गुण लिहून टाकतो, चवीचे पेन्सिलने लिहितो, आणि एकूण परिणामाचा रकाना ग्लास रिकामा होईपर्यंत कोरा ठेवतो. 38 च्या वर पोहोचलेली पिल्सनर मित्रांना आवर्जून सांगावी अशी. 30 ते 37 म्हणजे छान, एखादी गोष्ट सुधारायला हवी. शेरे लिहिताना ‘मस्त’, ‘ठीक’ असं लिहू नका. ‘कडवटपणा पटकन गेला, मागे पावाची चव’ असं लिहिलं, तर महिन्यानंतरही उपयोगी पडतं.

दोन पिल्सनरमध्ये खरंच फरक आहे की तो नावामुळे वाटतोय, हे तपासायचं तर घरातल्या कुणाला तरी तीन सारखे ग्लास भरायला सांगा, दोन एकीचे आणि एक दुसरीचा. वेगळा ओळखा. अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा जमलं तर फुशारकी नको, क्रम बदलून पुन्हा पुन्हा करा.

ब्रुअरीत बसून दोष सापडला, तर तो ब्रूअरचाच आहे असं धरून चालू नका. टाकीपासून नळापर्यंतच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात. त्या मळल्या की जिवाणू वाढतात आणि लोणी व आंबटपणा जोडीने येतो. त्याच नळावरची दिवसातली पहिली ओत जास्त बिघडलेली आणि चार-पाच ग्लास निघाल्यावर बरी लागली, तर संशय नळीवर घ्या. शक्य असेल तर थेट टाकीच्या नमुना-नळाची घोटभर बिअर मागा. ती स्वच्छ निघाली, तर मॅनेजरला नळ्या धुवायला सांगा आणि गुण टाकीतल्या बिअरला द्या. तिथेही लोणी असेल, तर ब्रूअरला भेटून शांतपणे सांगा: कोणता वास आला, पहिल्या घोटाला की अर्ध्या ग्लासानंतर, आणि बिअर तेव्हा किती गार होती. एवढ्या तपशिलावरून पुढचा घाणा किती दिवस जास्त ठेवायचा, ते तो ठरवू शकतो.